‘भापूश्र’चं कुळ

बिबवेवाडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली, की पाच मिनिटांत खाली ‘भापूश्र’ची रांग लागते. भावपूर्ण श्रद्धांजलीचं हे रूप. वाढदिवस असेल तर ‘वादिहाशु’. मोबाइलने मराठीची वाट लावली, असं मग कट्ट्यावरची ज्येष्ठ मंडळी हळहळून म्हणतात. हळहळ खरी आहे, पण लघुरूपांचा उगम मोबाइलमध्ये नाही.

मराठी माणूस शेकडो वर्षं अक्षरं वाचवत आला आहे. रा.रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, सा.न.वि.वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि पत्र संपल्यावर काही आठवलं तर ता.क., म्हणजे ताजा कलम. लग्नपत्रिकेतलं चि.सौ.कां. आजही तसंच छापतो आणि ते कुणाला खटकत नाही. बिबवेवाडीत रिक्षावाल्याला ‘अप्पर’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. पुढचं ‘इंदिरानगर’ केव्हाच गळून गेलं. जगातही हेच. इंग्रजीतलं ‘ओ माय गॉड’चं लघुरूप ‘ओएमजी’ ब्रिटिश अ‍ॅडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना १९१७ साली लिहिलेल्या पत्रात सापडतं.

ऱ्हस्व-दीर्घ न पाळणंही जुनंच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडी भराभर लिहायची लिपी, त्यामुळे तिच्यात वेलांटी सर्रास एकच आणि उकारही एकच. त्या लिपीत राज्य चाललं, वसुली झाली, तह झाले. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे. आधी चौदा होते, १९७२ साली चार वाढून अठरा झाले. ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’वरचे अनुस्वार या नियमांनी गेले. त्यामुळे अनुस्वार देत लिहिणाऱ्या आजीला अशुद्ध म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘वादिहाशु’ लिहिणाऱ्या नातवाला निरक्षर म्हणणं.

खरी मोडतोड वेगळ्या वाटेने आली. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. एका संदेशाला जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून त्या जागेत १६० अक्षरं मावतात. देवनागरी युनिकोडला एका चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून मराठीच्या वाट्याला आली फक्त सत्तर. त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं चिन्ह मोजलं जातं. एकच निरोप मराठीत धाडायचा तर दोन-तीन संदेशांचे पैसे पडायचे, आणि दिवाळीला तर कंपन्या स्वस्त पॅकही चालू देत नसत. शिवाय बटणांच्या फोनवर बहुधा देवनागरी नसायचीच. मग लोकांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायला घेतली. नाइलाज होता, पण सवय जडली ती जडलीच.

आता ‘के, ए, एल’ ही तीन अक्षरं घ्या. वाचणाऱ्याने काय वाचायचं? काल, काळ, कळ, की कल? रोमनमध्ये ‘न’ आणि ‘ण’ एक, ‘ल’ आणि ‘ळ’ एक. ‘केलं’ आणि ‘केला’ही एकच, आणि इथे इजा थेट व्याकरणाला पोचते. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवणारा कळफलक वर तीन-चार पर्याय दाखवतो, घाईत पहिल्यावर बोट पडतं, आणि ‘काम झाला’ असं वाक्य निघून जातं. नपुंसकलिंग हे मराठीचं खास धन. हिंदीत ते नाही. एका अनुस्वारावर उभं असलेलं हे लिंग रोमन लिपीत सगळ्यांत आधी पडतं. ‘आणि’चं ‘आणी’ आणि ‘आनी’ होणं त्यामानाने किरकोळ.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांचे मेसेज तपासले. जी मुलं जास्त लघुरूपं वापरत, त्यांचं वाचन कमजोर नव्हतं, उलट सरस होतं. शब्द नीट ऐकू आल्याशिवाय तो छाटता येत नाही. ‘भापूश्र’लाही हे लागू पडतं, ‘श्र’ कुठून आला हे ठाऊक असल्याशिवाय तो लिहिताच येत नाही. म्हणून मला त्यात भाषेचा दोष दिसत नाही. दोष आहे तो रीतीचा. जुन्या पत्रात मायना आखडता घेत, मजकूर पुरता लिहीत, सा.न.वि.वि. झालं की पुढे माणूस मनातलं बोलायचा. ‘भापूश्र’मध्ये मायनाही तोच आणि मजकूरही तोच. ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्या हाती तीन अक्षरं येतात, आणि ती वाचताना त्याला काय वाटत असेल याचा विचार आपण करत नाही. मला ते फार लागतं.

एसएमएसची अडचण आता उरलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीला अक्षरामागे पैसे पडत नाहीत. पुण्याच्याच सी-डॅक या संगणक संस्थेने संगणकावर रुजवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक फोनवरही मिळतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ‘ण’ आणि ‘ळ’ आपापल्या जागी. हात बसायला थोडे दिवस लागतात, पण अंदाजाने पर्याय निवडायची वेळ येत नाही. आज फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करा, मुलांनाही करून द्या. लघुरूपं खुशाल वापरा. पण ग्रुपवर पुढची दुःखद बातमी येईल तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल दोन ओळी पूर्ण लिहा.