शाळेच्या सूचनेतली एकेक ओळ कुठून आली?

मंडळी, डिसेंबर लागला. आपल्या कराड-पाटण भागातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या सूचनांचा पाऊस पडतोय. गॅदरिंगची तारीख, नाचाच्या ड्रेसचे पैसे, सहलीचं संमतीपत्र, क्रीडा स्पर्धेला निवडलेल्या मुलांची नावं. आणि या सगळ्याखाली 'पालकांनी कृपया नोंद घ्यावी' म्हणून पाच-सात ओळी. मुलांना गेटवरच सोडावे. वाहनात जादा मुले बसवू नयेत. सहलीत पाण्यात उतरू नये. मांडवात गर्दी करू नये.

आपण काय करतो? अंगठा टाकतो आणि पुढं जातो. 'शाळेनं आपली जबाबदारी झटकायला लिहिलंय' असंही म्हणतो.

मला जुनी परिपत्रकं आणि कोर्टाचे निकाल वाचायची खोड आहे. ते वाचत गेलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या सूचनांपैकी फारच थोड्या ओळी कुणी ऑफिसात बसून सुचल्या म्हणून लिहिल्यात. बहुतेक ओळींच्या मागं एक गाव आहे, एक तारीख आहे आणि घरी परत न आलेली मुलं आहेत. आज तोच इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण घरात शाळेत जाणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात गॅदरिंगपासून करू, कारण सीझन तोच आहे.

२३ डिसेंबर १९९५. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखं बाजारपेठेचं गाव. तिथल्या एका शाळेचं वार्षिक संमेलन लग्नाच्या हॉलमध्ये होतं. वर सिंथेटिक कापडाचा मांडव. आई-बाप, आजी-आजोबा, धाकटी भावंडं, सगळी पोरांचा कार्यक्रम बघायला आलेली. विजेच्या ठिणगीनं मांडवानं पेट घेतला. सिंथेटिक कापड जळतं तसं वितळतंही, ते पेटतं कापड माणसांच्या अंगावर पडायला लागलं. बाहेर पडायचा रस्ता एकच, तिथं चेंगराचेंगरी झाली. काही मिनिटांत खेळ खलास. ४४२ माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त लहान मुलं. एकेका घरातली तीन-तीन, चार-चार माणसं गेली.

आता आपल्याकडची गॅदरिंग आठवा. मैदानावर मांडव, तिन्ही बाजूंनी कनाती बांधलेल्या, स्टेजमागं वायरींचा गुंता, हॅलोजन कापडाला टेकलेला, आणि पुढं एकच कमान. बाहेरची टवाळ पोरं आत येऊ नयेत म्हणून तीही अर्धी बंद. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या आगीच्या यंत्रणेची तपासणी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून करून दाखला द्यावा लागतो. कायदा झाला, चांगलं झालं. पण मांडवाची मागची कनात सोडून दुसरी वाट ठेवायला कुठला दाखला लागत नाही. ते काम चार पालक आणि मांडववाला मिळून दहा मिनिटांत करू शकतात.

दुसरी तारीख १६ जुलै २००४. तमिळनाडूतलं कुंभकोणम. शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजत होतं. चुलीची आग गवती छपराला लागली आणि तिथून वरच्या मजल्यावर गेली. वर लहान वर्गातली मुलं दाटीवाटीनं बसलेली, खाली उतरायला जिना अरुंद. ९४ मुलं जळून गेली.

कुंभकोणमनंतर एक वकील सुप्रीम कोर्टात गेले. त्या खटल्याचा, अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार, निकाल १३ एप्रिल २००९ ला लागला. कोर्टानं सांगितलं की शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क. शाळांमध्ये अग्निशामक नळकांडी हवीत, शिक्षकांना ती वापरायचं प्रशिक्षण हवं, इमारत सुरक्षिततेच्या निकषांत बसायला हवी. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेची इमारत कशी असावी, जेवण शिजवायला स्वयंपाकघर असावं, कुंपण असावं, हे त्याच्या परिशिष्टात आहे.

म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्यात ते लाल नळकांडं टांगलंय ना, त्याच्यामागं ९४ पोरांचा हिशोब आहे. त्याच्यावरची तारीख कधी वाचलीय का कुणी? पिन कशी काढायची हे शाळेतल्या किती जणांना येतं?

आता वाहनाची ओळ.

१८ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस कठडा तोडून यमुनेत पडली. बस खचाखच भरलेली होती. पंचवीसहून जास्त मुलं बुडाली. सुप्रीम कोर्टात तेव्हा दिल्लीच्या वाहतुकीचा खटला चालूच होता. वर्ष संपायच्या आत कोर्टानं स्कूल बससाठी अटी घातल्या. खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, बसवर शाळेचं नाव आणि फोन नंबर, वेगाला लगाम, मुलांसोबत एक माणूस, आणि ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव. आज स्कूल बसवर जे काही आपण बघतो, त्यातलं बरंचसं त्या एका सकाळीतून आलंय. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्कूल बसचे स्वतंत्र नियम केले. त्यात शाळेची परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी सदस्य.

पण आपल्याकडं पिवळ्या बसमधून जाणारी मुलं किती? बाकीची एसटीच्या पासवर, नाहीतर वडापनं. वडापच्या जीपला मागं लोंबकळणारी नववी-दहावीची पोरं रोज दिसतात. ड्रायव्हरला शिव्या घालणं सोपं आहे. मला त्याचीही बाजू कळते, भाडं परवडत नाही म्हणून तो कोंबतो. पण त्या मार्गावर शाळेच्या वेळेला एसटीची जादा फेरी मिळावी म्हणून पालकांचा आणि ग्रामपंचायतीचा एकत्र अर्ज आगारात गेला तर आगारप्रमुखाला उत्तर द्यावं लागतं. सुटे सुटे फोन करून काही होत नाही.

सहलीच्या संमतीपत्रात 'पाण्यात उतरणार नाही' असं लिहून घेतात, त्यामागंही तारखा आहेत. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर आपल्या शिक्षण खात्यानं सहलींचे नियम कडक केले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

सहली बंद कराव्यात असं मी अजिबात म्हणणार नाही. वाडीतल्या मुलानं रायगड बघावा, समुद्र बघावा. संमतीपत्रावर सही करताना फक्त तीन गोष्टी विचारा. गाडी कुठली, किती मुलांमागं एक शिक्षक, आणि पाण्याच्या ठिकाणी थांबणार असतील तर कुणाच्या देखरेखीखाली.

आता आपल्या घरचा विषय.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. कोयनानगरमध्ये धड घर शोधावं लागेल अशी अवस्था झाली, दीडशेहून अधिक माणसं गेली. आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ती थंडी आणि तो आवाज अजून आठवतो. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी, तोही पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. दोन्ही वेळा वर्ग रिकामे होते. शाळांच्या भिंती पडल्या तेव्हा आत मुलं नव्हती, हे निव्वळ नशीब.

नशीब दर वेळी साथ देत नाही. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. कच्छमधल्या अंजारमध्ये शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी गावातल्या अरुंद गल्लीतून चाललेली. हातात झेंडे. भूकंप झाला आणि दोन्ही बाजूंची घरं फेरीवर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. त्याच सकाळी कच्छमधल्या कितीतरी शाळांतली मुलं उघड्या मैदानावर झेंडावंदनाला उभी होती, ती वाचली. तोच भूकंप, तीच वेळ. फरक होता तो मुलं कुठं उभी होती एवढ्याचा.

सरावानं खरंच काही होतं का, असं बरेच जण विचारतात. याचं उत्तर भूकंपाची सवय असलेल्या जपाननं दिलंय. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशी शहरातल्या शाळांची जवळपास तीन हजार मुलं वाचली. त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की धरणी हलली की कुणाची वाट न बघता उंचावर पळायचं. मोठी मुलं पळाली, त्यांनी धाकट्यांना हाताला धरून नेलं. त्याच दिवशी ओकावा नावाच्या शाळेत मुलांना मैदानावर पाऊण तास थांबवून ठेवलं, कारण कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. शाळेमागंच टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले आणि शेवटी २०१९ मध्ये आधी तयारी न केल्याचा ठपका प्रशासनावर कायम झाला.

आपल्या तालुक्यात जमीन अजूनही अधूनमधून हलते. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर आला, ते तर काल-परवाचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ११ डिसेंबरला आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेनं भूकंपाचा सराव घ्यावा. आपल्याएवढं कारण दुसऱ्या कुठल्या तालुक्याला आहे?

शेवटची ओळ सगळ्यात अवघड, कारण ती आग-पाण्याची नाही, माणसांची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली, मग हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चेत आली ती 'सखी सावित्री समिती'. शाळाशाळांत अशी समिती नेमायचा शासन निर्णय मार्च २०२२ चा होता. म्हणजे कागद दोन वर्षं आधीच तयार होता. पॉक्सो कायदा तर १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अशी घटना कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' किंवा 'पोरीचं लग्न जमणार नाही' ही कारणं कायद्याला चालत नाहीत. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाला. पोरांना तो पाठ करून घ्या, पाढ्यांसारखा.

हे सगळं एकत्र ठेवलं की लक्षात येतं, नियमांची आपल्याकडं कमी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभर जागा पालकांना दिल्यात, निम्म्या जागा बायकांना. आपण काय करतो? जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीची मिटिंग असली की कोरम भरायला शिपायाला घरोघरी पाठवावं लागतं, आणि सही मात्र नंतर घरी बसून होते. दुर्घटना झाली की आपण शाळेच्या गेटवर जमतो. मिटिंगला त्यातले निम्मे आले असते तरी पुष्कळ झालं असतं.

म्हणून या महिन्यात आपल्या शाळेत एवढं विचारा:

गॅदरिंगच्या मांडवाला दोन मोकळ्या वाटा आहेत का, आणि वायरिंग कुणी तपासलं?

अग्निशामकाची मुदत कधी संपते, तो चालवायला कुणाला येतो?

मुलं ज्या गाडीनं येतात तिच्यात किती जण बसतात?

भूकंपाचा सराव शेवटचा कधी झाला?

सखी सावित्री समितीत कोण आहे, ती नावं फलकावर लिहिली आहेत का?

भांडायला जाऊ नका. गुरुजींच्या आणि बाईंच्या डोक्यावर आधीच माहित्या भरायचं ओझं आहे. मदत करायला म्हणून जा, चार जण मिळून जा. ज्यांच्या शाळेत यातलं काही चांगलं चाललंय त्यांनी खाली कमेंटमध्ये शाळेचं नाव घालून लिहा. बाकीच्या शाळांना तेवढाच धडा. आणि ही पोस्ट आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका, अंगठ्याच्या वरती.