भाव सांगणारे : मुंबईच्या अर्थवाहिन्यांवरील निवेदक आणि वार्ताहर

व्यापार-उद्योगाच्या बातम्या दिवसभर देणाऱ्या दूरचित्रवाहिनीवरील निवेदक आणि वार्ताहर हा पेशा भारतात जेमतेम पाव शतकाचा आहे. त्याचा जन्म उपग्रह वाहिन्यांच्या सुळसुळाटात शोधण्याची सवय सर्वत्र दिसत असली, तरी त्याचे खरे मूळ शेअर बाजारातील सौद्याची जागा बदलण्यात आहे. जोवर भाव एका विशिष्ट इमारतीतील विशिष्ट दालनात ठरत होता, तोवर तो ठरताना पाहण्याचा मान तेथे प्रवेश असलेल्या दलालांनाच होता आणि इतरांना तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावा लागे. तो संगणकांच्या जाळ्यात ठरू लागला तेव्हा बाजार एका जागी कोणालाच दिसेनासा झाला आणि तो दाखवणाऱ्या, त्याचा अर्थ लावणाऱ्या माणसासाठी जागा मोकळी झाली. हा माणूस भावाची बातमी देतो की बातमी देता देता भावच हलवतो, हा प्रश्न या पेशाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. आणि त्याचे उत्तर संपादकांपेक्षा नियामकांनीच अधिक चिकाटीने शोधले, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.

मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली, तेथपासून १९९५ पर्यंतचा व्यवहार मुख्यतः तोंडी होता. ‘रिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सौद्याच्या दालनात दलाल व त्यांचे मदतनीस ओरडून आणि हाताच्या खुणांनी भाव बोलत. खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव एकाच वेळी पुकारून त्यांतील फरकावर कमाई करणाऱ्यांना तारवणीवाले म्हणत. आणि ठरलेला सौदा पैसे मोजून न मिटवता ठरावीक आकार देऊन पुढच्या हिशेबात ढकलण्याच्या पद्धतीला ‘बदला’ हे नाव होते. रिंगणाच्या बोलीवर गुजरातीची गडद छाया होती, ही गोष्ट पुढे वाहिन्यांच्या भाषेचा विचार करताना लक्षात ठेवावी लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले, त्या पाठोपाठ मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने ‘बोल्ट’ ही संगणकप्रणाली आणली, आणि दलाल स्ट्रीटवरील तो कोलाहल पाहता पाहता शांत झाला.

त्यापूर्वी आर्थिक वार्ताहर हा छापील माध्यमाचा माणूस होता. ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आणि ‘फायनान्शियल एक्स्प्रेस’ ही दोन्ही दैनिके १९६१ मध्ये निघाली, आणि बाजाराच्या वार्ताहराचे काम म्हणजे बंद भाव, तेजीवाल्या-मंदीवाल्यांचा कल आणि लाभांशाच्या घोषणा संध्याकाळपर्यंत जुळवून देणे, असे साधारणतः समजले जाई. आकाशवाणीवरून बाजारभाव सांगितले जात, पण त्यांत अर्थनिरूपण नसे. निरूपणाची हौस मुंबईकर वेगळ्या ठिकाणी भागवीत. विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी १९५८ मध्ये एका हॉटेलातील सभेपासून सुरू केलेले अर्थसंकल्पावरील व्याख्यान पुढे ब्रेबोर्न स्टेडियमवर होऊ लागले आणि करांच्या दरांसारखा रुक्ष विषय ऐकण्यासाठी हजारो लोक मैदानात बसू लागले. अर्थसंकल्पाच्या दिवशी वाहिन्यांवर जो चर्चेचा फड रंगतो, त्याचा पूर्वज शोधायचा तर दूरदर्शनच्या स्टुडिओपेक्षा या मैदानाकडे पाहणे अधिक योग्य ठरेल; फरक इतकाच की पालखीवालांना बोलण्यापूर्वी अर्थसंकल्प वाचायला वेळ मिळत असे.

निवेदकाचा साचा मात्र अमेरिकेत तयार झाला. तेथील सार्वजनिक प्रसारणावर लुई रुकायझर यांचा ‘वॉल स्ट्रीट वीक’ हा साप्ताहिक कार्यक्रम १९७० पासून चालू होता, पण दिवसभर बाजार दाखवण्याचा प्रयोग १९८१ मध्ये लॉस एंजेलिसहून सुरू झालेल्या ‘फायनान्शियल न्यूज नेटवर्क’ने केला. या वाहिनीने पडद्याच्या तळाशी सरकती भावपट्टी, म्हणजे टिकर, रूढ केली. १८६७ पासून तारायंत्राच्या कागदी फितीवर दलालांच्या कचेऱ्यांत उमटणारी ही माहिती आता घराघरांत पोहोचू लागली. १९८९ मध्ये निघालेल्या सीएनबीसीने दोनच वर्षांत ही प्रतिस्पर्धी वाहिनी विकत घेतली, आणि १९९५ मध्ये सीएनबीसीच्या वार्ताहर मारिया बार्टिरोमो न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या सौद्यांच्या दालनातूनच रोज थेट बातम्या देऊ लागल्या. धक्काबुक्की करणाऱ्या दलालांच्या गर्दीत उभे राहून बोलणारी वार्ताहर, ही प्रतिमा जगभर गेली. मुंबईत मात्र ती जशीच्या तशी आणणे अशक्य होते, कारण ज्या वर्षी न्यूयॉर्कच्या दालनात कॅमेरा शिरला त्याच वर्षी मुंबईचे रिंगण ओस पडू लागले होते.

भारतात हा साचा राघव बहल यांच्या टीव्ही१८ या कंपनीने आणला. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आधी इतर वाहिन्यांसाठी कार्यक्रम तयार करीत असे. डिसेंबर १९९९ मध्ये सीएनबीसीच्या भागीदारीत तिने सीएनबीसी इंडिया ही वाहिनी सुरू केली, जी पुढे सीएनबीसी-टीव्ही१८ या नावाने परिचित झाली. मुहूर्त चांगला लागला होता. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या तेजीमुळे फेब्रुवारी २००० मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्स या निर्देशांकाने सहा हजारांची पातळी प्रथमच ओलांडली. त्याच सुमारास इंटरनेटवरून सौदे करण्याची मुभा मिळाली. आणि वर्षभर आधी, १९९९ मध्ये, अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी इंग्रजी अमदानीपासून संध्याकाळी पाच वाजता मांडला जाणारा अर्थसंकल्प सकाळी अकराला आणला होता, त्यामुळे भाषणातील प्रत्येक वाक्यासोबत निर्देशांकाची चढउतार पडद्यावर दाखवता येऊ लागली. तेजी फार काळ टिकली नाही आणि २००१ च्या शेअर बाजारातील घोटाळ्यानंतर ‘बदला’ पद्धतही बंद झाली, पण तोवर दलालांच्या कचेऱ्यांत भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच ही नित्याची वस्तू होऊन गेली होती. सीएनबीसी-टीव्ही१८चे काम लोअर परळच्या सेनापती बापट मार्गावरून चाले आणि टाइम्स समूहाची २००९ मध्ये सुरू झालेली ईटी नाऊ जवळच्याच कमला मिलच्या आवारातून. ज्या गिरणगावात एकेकाळी कापड विणले जाई तेथे आता आकडे विणले जाऊ लागले, आणि या बदलात गिरणी कामगारांच्या मुलांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न या वाहिन्यांच्या बातमीपत्रांत क्वचितच आला.

या पेशाचे कसब जवळून पाहायचे तर तिमाही निकालांचा हंगाम पाहावा. सूचिबद्ध कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक संपली की निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो, आणि बाजार चालू असताना तो आला तर वार्ताहराच्या हाती मिनिटभराचाही अवधी नसतो. त्याच्यासमोर आधीच तयार केलेला एक तक्ता असतो, ज्यात विक्री, ‘एबिटा’ म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा, त्याचे विक्रीशी प्रमाण आणि निव्वळ नफा यांचे विश्लेषकांकडून गोळा केलेले अंदाज मांडलेले असतात. या अंदाजांच्या सरासरीला वाहिनीच्या बोलीत ‘पोल’ म्हणतात. निकालाची प्रत उघडताच पहिली नजर आकडे एकट्या कंपनीचे आहेत की उपकंपन्यांसह एकत्रित आहेत याकडे जावी लागते, कारण एका प्रकारच्या आकड्याची दुसऱ्या प्रकारच्या अंदाजाशी तुलना करणे ही या धंद्यातील सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक आहे. दुसरी नजर ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीकडे वळते. जमीन विकून आलेला पैसा तेथे बसलेला असेल तर फुगलेल्या नफ्याला अर्थ उरत नाही. तोवर निवेदकाच्या कानातल्या यंत्रातून नियंत्रण कक्षातील निर्मात्याचा आवाज आकडा मागत असतो, पाहुण्याचे वाक्य अर्धवट तोडावे लागते, आणि आकडा उच्चारला जाईपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात भाव हललेला असतो. घाईत केलेले हे वाचन उथळ असते अशी टीका नेहमी होते आणि ती बरीचशी खरी आहे. मात्र ताळेबंदाच्या तळटिपा वाचणारी पत्रकारांची एक पिढी याच घाईत तयार झाली, हेही नोंदवले पाहिजे. बँकिंग आणि रिझर्व्ह बँकेच्या वार्तांकनात लता वेंकटेश यांनी मिळवलेला अधिकार हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

वाहिनीचे महत्त्व लोकांना खऱ्या अर्थाने जाणवले ते पडझडीच्या दिवशी. १७ मे २००४ रोजी, डाव्यांच्या पाठिंब्यावर येऊ घातलेल्या सरकारच्या धोरणांविषयीच्या भीतीने, सेन्सेक्स व्यवहार चालू असताना ८४२ अंशांनी कोसळला आणि सौदे दोनदा थांबवावे लागले. निर्देशांक ठरावीक टक्क्यांहून अधिक हलला की व्यवहार आपोआप थांबवणारी ‘सर्किट ब्रेकर’ ही तरतूद २००१ पासून लागू होती, पण सामान्य गुंतवणूकदाराला तिचा अर्थ त्या सोमवारी उदयन मुखर्जी यांच्यासारख्या निवेदकांकडून कळला. पाच वर्षांनी, १८ मे २००९ रोजी, नेमके उलट घडले. काँग्रेस आघाडीच्या विजयानंतर निर्देशांक इतक्या वेगाने उसळला की मिनिटभराच्या सौद्यांनंतर बाजार दिवसभरासाठी बंद झाला, आणि २,११० अंशांची वाढ नोंदवून गप्प बसलेल्या बाजाराविषयी निवेदकांना संध्याकाळपर्यंत बोलत राहावे लागले. ते बोलत राहिले, यातच या माध्यमाची ताकद आणि त्याची खोड दोन्ही दिसतात.

२००४-०५ मध्ये झी बिझनेस आणि सीएनबीसी आवाज या हिंदी वाहिन्या आल्या आणि निवेदकाची भूमिका बदलली. इंग्रजी वाहिनीचा प्रेक्षक कंपनीचा अधिकारी किंवा निधी व्यवस्थापक असे. हिंदी वाहिनीचा प्रेक्षक इंदूर, जयपूर किंवा नागपूरचा छोटा गुंतवणूकदार होता आणि त्याला विश्लेषणापेक्षा कोणता शेअर घ्यावा, कोणत्या भावाला विकावा आणि तोटा कोठे तोडावा, हे हवे होते. ‘टार्गेट’ आणि ‘स्टॉपलॉस’ हे शब्द घराघरांत गेले ते या कार्यक्रमांतून. २०१४ मध्ये सीएनबीसी बाजार ही गुजराती वाहिनी निघाली आणि रिंगणाची जुनी भाषा पडद्यावर परतली. ज्या शहरातून हा सगळा कारभार चालला त्याच्या राज्यभाषेला मात्र चोवीस तासांची अर्थवाहिनी मिळाली नाही. मराठी वृत्तवाहिन्यांनी अर्थकारण अर्थसंकल्पाच्या दिवसापुरते आणि सोन्याच्या भावापुरते ठेवले, आणि मराठी गुंतवणूकदार वर्तमानपत्रांच्या साप्ताहिक अर्थपुरवण्यांवर विसंबून राहिला. मराठी माणसाला शेअर बाजाराचे वावडे असते, हे यामागचे नेहमीचे कारण सांगितले जाते. त्या पुरवण्यांचा वाचकवर्ग पाहता ते पटण्यासारखे नाही.

शेअर सुचवणारा निवेदक आला की लोभाची वाटही आली. अमेरिकेत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या स्तंभलेखकाने छपाईपूर्वीच आपल्या मजकुराची माहिती दलालांना पुरवल्याचे प्रकरण १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. दूरचित्रवाणीवर हा मोह वाढतो, कारण परिणाम तत्काळ दिसतो : जेफ्री बुस आणि क्लिफ्टन ग्रीन या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की सीएनबीसीवर एखाद्या शेअरचा उल्लेख होताच काही सेकंदांत भाव हलू लागतो आणि अनुकूल उल्लेखाचा परिणाम मिनिटभरात पुरा होतो. भारतात बाजार नियामक सेबीने २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांद्वारे प्रसारमाध्यमांतून शिफारस करणाऱ्यांवर नोंदणीचे आणि स्वतःचे हितसंबंध उघड करण्याचे बंधन घातले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध सेबीला अंतरिम आदेश काढावा लागला. कार्यक्रमात सुचवले जाणारे शेअर आदल्या दिवशी कुटुंबीयांच्या खात्यांतून घेऊन शिफारशीनंतर लगेच विकले जात होते, असा आरोप होता. फेब्रुवारी २०२४ मधील दुसऱ्या अंतरिम आदेशात पाहुणे तज्ज्ञ आपल्या आगामी शिफारशी आधीच काही मंडळींना कळवतात, असे म्हटले होते. दोन्ही प्रकरणांत पुरावा मिळाला तो कार्यक्रमाची वेळ आणि सौद्यांची वेळ एकमेकांशी ताडून. रिंगणातील तोंडी काळात अशी पडताळणी करणे जवळपास अशक्यच होते.

नियमांचा ओघ अलीकडे उलट्या दिशेनेही वाहू लागला आहे. विलीनीकरण किंवा हिस्साविक्रीची बातमी वार्ताहराने सूत्रांच्या हवाल्याने दिली की ‘बाजारातील अफवांवर भाष्य करीत नाही’ असे ठरावीक उत्तर कंपन्या वर्षानुवर्षे देत आल्या. बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर सूचिबद्ध कंपन्यांसाठी १ जून २०२४ पासून आणि पहिल्या अडीचशे कंपन्यांसाठी १ डिसेंबर २०२४ पासून ही पळवाट बंद झाली. प्रमुख माध्यमांतील अशा वृत्तामुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर चोवीस तासांच्या आत त्याला दुजोरा देणे, त्याचा इन्कार करणे किंवा खुलासा करणे या कंपन्यांवर आता बंधनकारक आहे.