डेस्कटॉपच्या खोल्या आणि दारावरची थाप

एकाच पडद्यावर अनेक डेस्कटॉप मांडायचे आणि हवं तेव्हा एकावरून दुसऱ्यावर जायचं, ही सोय आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत आहे. तिचं मूळ शोधत गेलं की आपण कॅलिफोर्नियात, पालो अल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात पोहोचतो. तिथल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली ‘रूम्स’ या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. पडदा लहान आणि खिडक्या फार. एक वर आणावी तर दुसरी झाकली जाते, आणि निम्मा वेळ खिडक्या सरकवण्यातच जातो, ही त्यांच्यापुढची अडचण होती.

त्यांच्या लक्षात आलं की माणूस खिडक्या वाटेल तशा चाळत नाही. एका कामाच्या मोजक्या खिडक्यांत तो बराच वेळ रमतो, मग दुसऱ्या कामाच्या खिडक्यांकडे वळतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मेमरीबद्दल असंच मांडलं होतं: प्रोग्रॅमला एका वेळी थोडीच पानं लागतात, तेवढी हाताशी असली की भागतं. हेंडरसन आणि कार्ड यांनी हा विचार माणसाच्या कामाला लावला. प्रत्येक कामाला एक खोली, खोल्यांना दारं, आणि सगळ्या खोल्या एका नजरेत दाखवणारा नकाशा. जी खिडकी सगळीकडे हवी, ती ‘खिशात’ टाकायची. आजच्या कुठल्याही डेस्कटॉपपेक्षा ही मांडणी मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते, कारण तिच्या केंद्रस्थानी काम आहे.

पुढे युनिक्सच्या जगात ही कल्पना रुजली. १९९३ साली आलेल्या एफव्हीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये ती होती, मग केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉप प्रणालींत आली. मॅकवर ‘स्पेसेस’ २००७ साली आलं. विंडोजमध्ये ही सोय सर्वांच्या हाती पडायला २०१५ साल उजाडलं.

आता दारावरची थाप, म्हणजे नोटिफिकेशन. तिचं घराणं वेगळं. बर्कली विद्यापीठाच्या १९८० च्या युनिक्समध्ये ‘बिफ’ नावाची आज्ञा होती. तिला नाव मिळालं ते तिथल्या एका विद्यार्थिनीच्या कुत्र्याचं. ‘बिफ वाय’ टाइप केलं की नवं टपाल येताच त्याच्या सुरुवातीच्या ओळी टर्मिनलवर उमटत, जास्तीत जास्त ७ ओळी किंवा ५६० अक्षरं. ‘बिफ एन’ म्हटलं की शांतता. आतली करामत फार सुरेख आहे. टर्मिनलची फाइल काही प्रोग्रॅम म्हणून चालवायची नसते, त्यामुळे तिच्यावरची ‘चालवण्याची परवानगी’ बिनकामाची पडून असते. बिफ तीच परवानगी चालू किंवा बंद करून ठेवी, आणि टपालावर लक्ष ठेवणारा कॉमसॅट हा प्रोग्रॅम ती पाहून बोलायचं की गप्प बसायचं हे ठरवी. महत्त्वाचं म्हणजे, वापरणाऱ्याने मागितल्याशिवाय बिफ तोंड उघडत नसे.

नंतर ही रीत उलटी झाली. मॅकवर २००४ साली नोटिफिकेशन दाखवणारं ‘ग्राउल’ आलं. २०१२ मध्ये अ‍ॅपलने मॅकवर स्वतःचं नोटिफिकेशन सेंटर दिलं आणि त्याच वर्षी विंडोज ८ मध्ये कोपऱ्यात चौकटी सरकू लागल्या. आता अ‍ॅप बोलणार हे गृहीत धरलेलं असतं; गप्प करायचं काम आपलं.

ही दोन घराणी एकत्र आली, पण त्यांची सोयरीक नीट जमली नाही. मॅकवर डॉकमधल्या अ‍ॅपवर क्लिक केलं की मुळातल्या सेटिंगनुसार ते आपल्याला त्याची खिडकी असलेल्या दुसऱ्या स्पेसमध्ये ओढून नेतं. ग्नोम निदान एका बाबतीत शहाणपणाने वागतं: मागे उघडलेली खिडकी समोर धावून येत नाही, ‘तयार आहे’ एवढाच निरोप येतो, जायचं की नाही ते आपण ठरवायचं. या दोघांत ग्नोमची ही रीत अधिक सभ्य.

व्यत्यय थोपवण्याच्या सोयी आहेतच. विंडोजमध्ये ‘फोकस असिस्ट’ २०१८ साली आलं, मॅकवर ‘फोकस’ २०२१ साली. त्यांना वेळ सांगता येते, मॅकवर जागा आणि अ‍ॅपही सांगता येतं. पण ‘या डेस्कटॉपवर असताना गप्प राहा’ असं सांगता येत नाही. ग्नोममध्ये तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची एकच कळ सगळ्या डेस्कटॉपांना लागू होते. खोली निराळी केली ती कामासाठी, तर तिथे कोणाला बोलायची मुभा आहे हेही त्या खोलीनेच ठरवायला हवं. ग्नोम आणि केडीई हे मुक्त स्रोत प्रकल्प आहेत. प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या मराठी मंडळींनी हे काम जरूर हाती घ्यावं.