पावसाचा माग : हिमालयाच्या बर्फापासून समुद्राच्या मिठापर्यंत

१८९९ साली पावसाने दगा दिला आणि खानदेश दुष्काळात होरपळला. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी खानदेश जिल्ह्यातच होता. हवामान खाते तेव्हाही पावसाळ्यापूर्वी अंदाज देत असे. त्या वर्षीचा अंदाज सपशेल चुकला. पाऊस कधी आणि का रुसतो, हा प्रश्न मग अधिकच टोचू लागला.

पहिले उत्तर जमिनीवर शोधले गेले. हिमालयात बर्फ जास्त पडला की पाऊस कमी, असे ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले होते. १९०४ साली खात्याची सूत्रे हाती घेतलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातील वायुदाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. हिंदी महासागराच्या बाजूला दाब वाढला की पॅसिफिकवर तो घटतो, आणि पुढे उलटही घडते. या झोक्याला त्यांनी १९२४ मध्ये ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. पण झोका कशामुळे, हे कळले नव्हते. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड ‘एल निनो’शी, म्हणजे पूर्व व मध्य पॅसिफिकचे पाणी तापण्याशी घातली. महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ अशाच वर्षी पडला.

तापमान मोजणे सोपे. बादलीभर पाणी आणि तापमापी पुरे. क्षारतेसाठी मात्र नमुने बाटलीत भरून प्रयोगशाळेत तपासावे लागत. म्हणून मिठाकडे लक्ष उशिरा गेले. १९९१ मध्ये ल्यूकस व लिंडस्ट्रॉम यांनी पश्चिम पॅसिफिकचे निरीक्षण मांडले : तेथे धो धो पावसाचे गोडे, हलके पाणी वर तरंगते. त्याखालच्या खाऱ्या पाण्याचा एक थर वरच्याइतकाच उबदार असतो. वारा वरचे पाणी घुसळतो, पण खोलवरचे थंड पाणी वर येऊ शकत नाही. या ‘अडथळा थरा’मुळे पृष्ठभाग उबदार राहतो. एल निनोत पाऊस पूर्वेकडे सरकतो, आणि कमी क्षारतेच्या पाण्याची सीमाही त्याच्याबरोबर सरकते.

असाच भेद आपल्या दोन समुद्रांतही आहे. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त. तेथे किलोभर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात. गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी घेणारा बंगालचा उपसागर त्याहून बराच कमी खारा. प्रकाशा येथून वाहणारी तापी अरबी समुद्राला मिळते, पण तिचे पाणी त्याचा खारेपणा हटवायला पुरत नाही.

वर्गात हे दाखवता येईल. उंच पेल्यात अर्ध्यापर्यंत मिठाचे पाणी घ्या. चमच्याच्या आधाराने त्यावर रंगीत गोडे पाणी अलगद सोडा, मग पृष्ठभागावर फुंकर घाला. रंग खाली सहजी उतरत नाही.

२००९ पासून उपग्रहही क्षारता मोजू लागले. तरी कोडे सुटलेले नाही : १९९७ मध्ये एल निनो प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. बर्फ, दाब, तापमान, मीठ. प्रत्येकाने उत्तराचा एकेक तुकडा दिला आहे, पुरते उत्तर एकानेही नाही.