जामिनाचे दोन अर्ज

माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जे दृश्य दिसते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी पागोटेवाला म्हातारा वकिलाच्या मागे मागे चालत असतो, त्याची सून पदराने तोंड झाकून झाडाखाली बसलेली असते, आणि दोघांच्याही ओठांवर एकच प्रश्न असतो : ‘पोराला जामीन मिळेल का?’ गुन्हा घडला की नाही, घडला असल्यास शिक्षा किती, ह्या गोष्टी पुढच्या. आज सायंकाळी पोरगा घरी जेवायला येणार की कोठडीत राहणार, एवढेच त्या म्हाताऱ्याला कळून घ्यावयाचे असते. त्याची बाजू मांडणे वकिलाच्या हाती असते. निर्णय वर बसलेल्या न्यायाधीशाच्या हाती.

आता ह्याच वकिलाला उद्या त्या खुर्चीवर बसविले तर? जन्मभर आरोपीच्या बाजूने बोललेला मनुष्य न्यायासनावर चढल्यावर आपलेच जुने बोलणे स्मरतो की विसरतो? अमेरिकेत गरीब आरोपींचा बचाव करण्यासाठी सरकारी वेतनावर वकील नेमलेले असतात. त्यांच्यापैकीच एक, केतनजी ब्राउन जॅक्सन, ह्या सन २०२२ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, तेव्हा हा प्रश्न तिकडे पुष्कळ चर्चिला गेला. महाराष्ट्राला मात्र तो नवा नाही. मुंबईच्या हायकोर्टात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो अशा रीतीने उभा राहिला, की त्याची आठवण अद्याप बुजलेली नाही. त्या प्रसंगातील आरोपी लोकमान्य टिळक, आणि वकिलाचे न्यायाधीश झालेले गृहस्थ दिनशा धनजीभाई दावर.

सन १८९७ चे वर्ष महाराष्ट्राला फार कठीण गेले. सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळला होता. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंतची अरुंद रुळांची छोटी आगगाडी त्याच वर्षी सुरू झाली. पुण्यात प्लेगाने व प्लेगाच्या बंदोबस्ताने लोक त्रस्त झाले होते. २२ जून रोजी रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली आणि सरकारचा रोष वृत्तपत्रांकडे वळला. शिवाजी उत्सवासंबंधी १५ जूनच्या ‘केसरी’त आलेल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला, आणि २७ जुलै रोजी मुंबईत त्यांना पकडण्यात आले.

पहिली खटपट जामिनाची. मॅजिस्ट्रेटने अर्ज नामंजूर केला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यापुढे प्रयत्न झाला. तेथेही नकारच मिळाला. माधवराव रानड्यांसारखा थोर पुरुष न्यायासनावर असताना हे घडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे; कारण खुर्चीचे ओझे थोरांनाही जाणवते, असे तिच्यावरून दिसते. पुढे खटला सेशनकडे पाठविला गेला आणि ४ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्यापुढे पुन्हा अर्ज करण्यात आला. तो अर्ज टिळकांच्या वतीने चालविणारे बॅरिस्टर म्हणजे हेच दावर.

बद्रुद्दीन तय्यबजी हेही मूळचे वकीलच. सन १८६७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात बॅरिस्टरी सुरू करणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. सन १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि सन १८९५ मध्ये न्यायमूर्ती. त्यांनी दावरांचा युक्तिवाद ऐकला व जामीन मंजूर केला. त्यामागची विचारसरणी साधी व सरळ होती. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, हा जामिनाच्या बाबतीतला मुख्य प्रश्न. टिळकांसारखा मनुष्य पळून जाईल असे मानण्यास आधार नाही. शिवाय जामीन नाकारला आणि पुढे आरोपी निर्दोष सुटला, तर मधल्या काळात भोगलेला तुरुंगवास त्याला कोण परत देणार? मोठ्या रकमेचे जामीनदार घेऊन टिळकांना मोकळे करण्यात आले, व बचावाची तयारी करण्यास त्यांना अवसर मिळाला.

खटला सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची ह्यांच्यापुढे चालला. बचावाचे मुख्य काम कलकत्त्याहून आणलेल्या पग नावाच्या बॅरिस्टराकडे होते. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा टळली नाही खरी. परंतु शिक्षेपूर्वी निरपराध समजला जाण्याचा आरोपीचा हक्क दावरांच्या वकिलीने व तय्यबजींच्या न्यायबुद्धीने त्या काही आठवड्यांपुरता तरी शाबूत राहिला.

अकरा वर्षे लोटली. तय्यबजी सन १९०६ मध्ये निवर्तले, आणि त्याच वर्षी दावर हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. सन १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. त्या प्रसंगाला धरून ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत पुन्हा अटक झाली. आरोप तोच, आरोपी तोच, हायकोर्टही तेच. जामिनाचा अर्ज घेऊन ह्या वेळी उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमदअली जिना, आणि न्यायासनावर होते दावर.

जिनांनी जो मुद्दा मांडला, तो दावरांना अपरिचित नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ह्याच कामी तय्यबजींपुढे त्यांनी स्वतः तो मांडला होता. दावरांनी अर्ज फेटाळला. ह्या टप्प्यावर कारणांची चर्चा करणे इष्ट नाही, असे सांगून त्यांनी विषय संपविला.

१३ जुलै रोजी खटला सुरू झाला. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. लेख मराठी, लिहिणारा मराठी, वाचणारे मराठी. परंतु न्याय करावयाचा तो इंग्रजी भाषांतरावरून! शब्दाची छटा बदलली की लेखाचा हेतू कसा बदलतो, हे टिळकांना ज्यूरीला समजावून सांगावे लागले. त्यांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक भाषण केले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोषी असा निकाल आला. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितले व मानवी न्यायालयाहून वरिष्ठ अशा शक्तीकडे बोट दाखविले. दावरांनी त्यांची बुद्धिमत्ता मान्य केली, पण लेखांमागे विकृत मन असल्याचे कठोर शब्द उच्चारून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना बावन्न वर्षे पुरी व्हावयाची होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेबद्दल सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगून टिळक सन १९१४ मध्ये परतले.

दावरांविषयी रागाने बोलणे सोपे आहे. न्यायाने बोलणे अवघड. वकील बोलतो ते अशिलाचे म्हणणे; ते त्याचे स्वतःचे मत असतेच असे नाही. ज्याची वकिली एकदा केली, त्याला जन्मभर सवलत द्यावी, असे कोणी म्हटले तर तो न्याय नव्हे, पक्षपात होय. शिवाय सन १८९७ च्या मानाने सन १९०८ ची परिस्थिती अधिक स्फोटक होती. दावरांना जामीन नाकारण्याचा अधिकार होता, ह्यात शंका नाही.

मग दोष कोठे? दोष मौनात आहे. तय्यबजींनी जामीन दिला तो कारणे दाखवून. ती कारणे चूक ठरविण्याची वाट पुढच्या न्यायाधीशाला मोकळी होती. जुना युक्तिवाद आता का लागू पडत नाही, हे दावरांनी उघड सांगितले असते, तर मतभेद राहिला असता, परंतु संशय राहिला नसता. जो मुद्दा एकेकाळी आपल्याच तोंडून निघाला, त्याला उत्तर देणे हे दुसऱ्या कोणाहीपेक्षा त्यांच्यावर अधिक बंधनकारक होते. आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहिलेल्या माणसाला पिंजऱ्यातून न्यायासन किती उंच दिसते, हे ठाऊक असते. त्याला खुर्चीवर बसविण्याचा लाभ समाजाला व्हावयाचा तो ह्याच जाणिवेमुळे. ती जाणीव खुर्चीवर चढताना खालीच ठेवून दिली, तर वकील काय आणि सरकारी अंमलदार काय, बसणारा कोण ह्याला फारसा अर्थ उरत नाही. तय्यबजीही वकिलीतून आले होते आणि दावरही. मार्ग एकच होता. एकाने शिदोरी बरोबर नेली, दुसऱ्याने ती वाटेत टाकली.

काळाने आपला निकाल पुढे दिला. सन १९१६ मध्ये टिळकांच्या भाषणांबद्दल जामीनकी मागण्यात आली, तेव्हा त्याच हायकोर्टाने जिनांचा युक्तिवाद ऐकून ती रद्द केली. सन १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांच्या हस्ते, जेथे खटला चालला त्या दालनाबाहेर टिळकांच्या अखेरच्या उद्गारांची संगमरवरी शिला बसविण्यात आली. आरोपीचे शब्द न्यायमंदिराच्या भिंतीवर कोरले गेले. निकालाचे शब्द दप्तरात राहिले.

आज गरीब आरोपी तितका एकाकी नाही. सन १९७६ मध्ये राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व घालण्यात आले. सन १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा सन १९९५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीत असलेला कोणीही मनुष्य सरकारी खर्चाने वकील मागू शकतो. राजद्रोहाचे जुने कलम १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेबरोबर गेले, जरी त्याच्या जवळपास जाणारे कलम नव्या संहितेत आहे. परंतु कायद्याने वकील मिळाला, तरी कारण सांगणारा न्यायाधीश कायद्याने घडत नाही. तो स्वतःला घडवावा लागतो.

माढ्याच्या कोर्टाच्या आवारातील तो म्हातारा टिळक-दावरांची हकीकत जाणत असेल वा नसेल. त्याचा अर्ज नामंजूर झाला तर तो वकिलाला एकच विचारील : ‘का?’ त्या एका अक्षराला उत्तर असले, तर मुलगा कोठडीत राहिला तरी म्हातारा कोर्टावर विश्वास ठेवून घरी जातो. आणि उत्तर नसले, तर एका घराचा न्यायावरील विश्वास त्या दिवशी उडतो. सन १९०८ च्या जुलैत हेच ‘का’ महाराष्ट्राने विचारले होते, आणि न्यायासनाने त्याला उत्तर दिले नाही.