खाऱ्या वाऱ्यातली लकाकी

मालवण किनाऱ्यावर धातूचे डाग काढण्याची विद्या मोटारसायकलीच्या कितीतरी आधीची. ती तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घडली. सोलांचं, चिंचेचं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, आणि राख काथ्याने घासली की भांडं लखलखतं. मग हाच उपाय मोटारसायकलीच्या क्रोमलाही चालेल, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. क्रोमचा मुलामा 1920च्या दशकात व्यापारी वापरात आला आणि तो अतिशय पातळ असतो. राखेने ओरखडे उठतात, सूक्ष्म भेगांतून खारं पाणी आतल्या पोलादापर्यंत पोचतं नि गंज धरतो. जुन्या रीतीतलं शेवटचं काम मात्र इथेही तितकंच खरं: गोड्या पाण्याने धुणं, लगेच कोरडं पुसणं. पाण्याचे डाग म्हणजे थेंब सुकल्यावर उरलेले क्षारच. देवगड-वेंगुर्ल्याच्या गाडीवाल्यांनी एवढं तरी टाळू नये.