ओरखडे फाळक्यांचे नव्हेत

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीतल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर पालखीचे व्हिडिओ येऊन आदळत असतात. ढोल, गुलाल, खांद्यावर नाचणारी पालखी. त्यात एखादा हौशी गडी ‘सायलेंट फिल्म’ इफेक्ट लावून पाठवतो. मग पडद्यावर उभे ओरखडे दिसतात, धूळ उडते, सगळं पिवळट होतं, माणसं लुटूलुटू पळतात आणि शेवटी एक काळा गोल मिटत जातो.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे असले इफेक्ट उघडून आत काय आहे ते बघायची सवय आहे. या इफेक्टमधल्या पाच गोष्टींपैकी मूकपटवाल्यांनी मुद्दाम घडवलेली गोष्ट एकच आहे: तो मिटणारा गोल. ओरखडे आणि धूळ ही वर्षानुवर्षं प्रोजेक्टरमधून फिरलेल्या रिळांची झीज आहे. सरसकट पिवळा रंग ही आपली समजूत. तेव्हा अनेक प्रिंट वेगवेगळ्या रंगांत बुडवत, रात्रीच्या प्रसंगाला निळा, आगीला लाल. आणि लुटूलुटू चाल येते ती सेकंदाला साधारण १६ फ्रेमने चित्रित केलेली फिल्म पुढे २४ फ्रेमच्या वेगाने चालवल्यामुळे. पहिल्या खेळाच्या प्रेक्षकाने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मग त्याने पाहिलं काय?

कल्याणचा कंदील

एक दृश्य विरता विरता दुसरं उमटणं, म्हणजे ॲपमधला ‘डिझॉल्व्ह’, हे सिनेमाहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जादूच्या कंदिलाचे खेळ होत. दोन कंदील एकाच पडद्यावर रोखायचे, एकाचा उजेड उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. उन्हाळ्यातलं गाव बघता बघता बर्फाने झाकलं जायचं.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये अशा कंदिलाचे खेळ सुरू केले. नाव ठेवलं ‘शांबरिक खरोलिका’. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाच पडद्यावर एकाहून जास्त कंदील, सोबत निवेदन आणि गाणी. काचा झपाट्याने बदलल्या की चित्रातलं माणूस हलल्यासारखं वाटे. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये आला ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याआधी चार वर्षं मराठी प्रेक्षक अंधारात बसून बदलणारी दृश्यं बघत होता.

कंदिलाची ही युक्ती कॅमेऱ्यात गेली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने १८९९ च्या ‘सिंड्रेला’त एका दृश्यातून दुसऱ्यात जायला डिझॉल्व्ह वापरला. इंग्लंडमध्ये जेम्स विल्यमसनने १९०१ मध्ये ‘द बिग स्वॉलो’ केला. त्यात एक चिडलेला माणूस कॅमेऱ्याकडे चालत येतो, जबडा उघडतो, पडदा काळा होतो, आणि त्या काळोखात कॅमेरामनच पडतो. तोंडाचा अंधार हाच दोन शॉटमधला सांधा.

हा विल्यमसन लक्षात ठेवा. त्याच्या कंपनीने पुढे सिनेमाची यंत्रंही बनवली. १९१२ मध्ये लंडनला गेलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईला परतले ते विल्यमसन कॅमेरा घेऊन.

हँडलचं गणित

त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडल हाताने फिरवायचं, साधारण सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ फ्रेम. आता त्या यंत्रावर दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह करा. पहिल्या दृश्याच्या शेवटी चार फेरे मोजत प्रकाशाची वाट हळूहळू बंद करायची. लेन्स झाकून फिल्म चार फेरे उलटी न्यायची. दुसरं दृश्य मांडायचं आणि तेच चार फेरे मोजत वाट उघडायची. त्याच ३२ फ्रेमवर दोनदा प्रकाश पडला. फेरा चुकला तर दोन्ही दृश्यं वाया, आणि ते कळणार फिल्म धुतल्यावर.

मिटणाऱ्या गोलाचंही असंच. लेन्सच्या आतली झडप मिटवली तर गोल दिसत नाही, चित्र नुसतं अंधारतं. म्हणून लेन्सच्या पुढे वेगळी गोल झडप बसवत, तिला म्हणतात आयरिस. ती लेन्सच्या फार जवळ असल्याने तिची कड धूसर येते. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि त्याचा छायाचित्रकार बिली बिट्झर यांनी ती गाजवली. ॲपमध्ये आपण ‘फेदर’ वाढवून आणतो ती हीच धूसर कड.

यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपण आधी चित्रित करतो आणि ट्रान्झिशन नंतर ओढून टाकतो. त्यांना दृश्य कसं संपणार हे हँडलला हात लावायच्या आधी ठरवावं लागे. ‘अनडू’ नव्हतं.

फाळक्यांकडे ही सबुरी होती. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याच्या वाढीच्या फ्रेम टिपल्या आणि तो चिमुकला चित्रपट दाखवून भांडवल उभं केलं. कोऱ्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके ते काम करत, फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे.

मंदाकिनीचा चेहरा

१९१९ च्या ‘कालियामर्दन’च्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते. वय सातेक वर्षं. चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग ते चित्र विरतं, आणि तीच मुलगी कृष्णाच्या वेषात समोर उभी राहते. एवढ्या एका डिझॉल्व्हमध्ये फाळके प्रेक्षकाला सांगून टाकतात की ही आमची पोर आहे आणि आता हा कृष्ण आहे, दोन्ही खरं माना. पुढचा सगळा चित्रपट या करारावर चालतो. तो सांधा काढला तर अर्थच निखळतो.

तुम्हाला हे आज करायचं असेल तर आधी ओरखड्यांचा थर बंद करा. काळ्या थरात गोल मास्क कापा, कड मऊ करा, आणि गोल फ्रेमच्या मध्यावर न मिटवता ज्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं तिथे मिटवा. पालखीच्या व्हिडिओत एखाद्या भोईच्या चेहऱ्यावर. डिझॉल्व्हसाठी ‘लीनियर’ रंगगणिताचा पर्याय असेल तर तो निवडा. एरवी सॉफ्टवेअर पिक्सेलच्या वाकवलेल्या आकड्यांची सरासरी काढतं; फिल्मवर मात्र खऱ्या प्रकाशाची बेरीज होते, म्हणून उजळ भाग आधी उमटतात आणि उशिरा विझतात. फरक बारीक आहे, पण डोळ्याला कळतो.

हे सांगायची घाई एवढ्यासाठी की मूळ वस्तू फार थोडी उरली आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत शिल्लक आहेत ते तीसच्या आसपास. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आहेत ती १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी बरंच गेलं. मूळ चित्रपट दिसेनासे झाले की त्यांची ओळख फिल्टरच्या हाती जाते. फिल्टर बनवणाऱ्याने ज्या प्रिंट पाहिल्या त्या झिजलेल्या होत्या, म्हणून त्याने झीज तेवढी उचलली.

‘कालियामर्दन’चा उरलेला भाग इंटरनेटवर मिळतो. पुढचा व्हिडिओ एडिट करण्याआधी त्याची पहिली काही मिनिटं बघा. ओरखडे भरपूर आहेत. त्यांच्या पलीकडे ती मुलगी कृष्ण होते तेवढा क्षण पकडा, आणि तिथे थांबवून फ्रेम मोजा.